हंटरवाली आणि स्त्री-समतेचा प्रश्न

कोणत्याहि समाजाच्या मनांत काय चाललें आहे, हें त्याच्या कायद्यांच्या ग्रंथांवरून जितकें कळतें, तितकेंच त्याच्या करमणुकीवरूनहि कळतें. कायदा पुष्कळ विचारांतीं आणि पुष्कळ विलंबानें होतो. करमणूक थोडक्या पैशांत आजच्या आज मिळते. म्हणून ज्या गोष्टी सभागृहांत बोलावयास शहाणे लोक कचरतात, त्या कित्येकदां तमाशाच्या फडांत, नाटकाच्या रंगपीठावर किंवा चित्रपटाच्या पडद्यावर आधीं बोलल्या जातात. स्त्री-पुरुष समतेच्या बाबतींत मुंबईंत असेंच घडलें. 1935 सालीं तेथें निघालेल्या एका बोलपटांत एक तरुणी तोंडावर मुखवटा चढवून, हातांत चाबूक घेऊन घोड्यावर स्वार झाली, आणि एका जुलमी प्रधानाची सत्ता तिनें उलथून टाकली. त्या बोलपटाचें नांव 'हंटरवाली'.

अमेरिकेंतील चित्रकथांचा महावीर 'सुपरमॅन' हा 1938 सालीं जन्मास आला, आणि त्याच्या जातीची वीरांगना 'वंडर वुमन' ही 1941 सालीं अवतरली. म्हणजे मुंबईची ही मुखवटेवाली त्या जगप्रसिद्ध वीरांगनेहून सहा वर्षांनीं वडील ठरते. ही गोष्ट अभिमानाची खरी. पण खरा विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ही वीरांगना आपल्या प्रेक्षकांतील स्त्रियांना काय देऊन गेली, आणि काय देऊं शकली नाहीं, हा तो प्रश्न होय.

या मुखवट्याचें महत्त्व कळण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. दादासाहेब फाळके यांनीं 1913 सालीं 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट तयार केला, तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं त्यांना एकहि स्त्री मिळाली नाहीं. घरंदाज स्त्रियांची गोष्ट दूरच राहिली. ज्यांना समाजानें आधींच वाळींत टाकलें होतें, अशा बायकांनींहि कॅमेऱ्यापुढें उभें राहण्याचें नाकारलें. अखेर एका उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडें नेसवून तारामती उभी करावी लागली. लौकरच 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं भूमिका केल्या आणि ही कोंडी फुटली. तथापि रंगभूमीवर बालगंधर्वांसारख्या थोर पुरुष नटांनीं घालून दिलेला स्त्रीत्वाचा आदर्श पुढें कित्येक वर्षें टिकून राहिला. शालू कसा नेसावा, लाजावें कसें, रुसावें कसें, हें घरांतल्या खऱ्या स्त्रिया त्या नटांकडे पाहून शिकत. स्त्री कशी असावी हें ठरविण्याचा अधिकार घरांत पुरुषाकडे होताच. रंगभूमीवर तर स्त्रीचें रूपहि पुरुषानेंच धारण केलें होतें. 1913 पासून 1935 पर्यंत अवघीं 22 वर्षें होतात. तेवढ्या काळांत पुरुषानें लुगडें नेसण्यापासून स्त्रीनें पुरुषाला उचलून फेकण्यापर्यंत मजल गेली.

ही मजल एकाएकीं गांठली गेली नाहीं. मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत घोडदौडीचे आणि तलवारबाजीचे चित्रपट पुष्कळ निघत. 1931 सालच्या 'दिलेर जिगर' या मूकपटांत ललिता पवार यांनीं मुखवटा घालून लढणाऱ्या तरुणीची भूमिका केली होती. पुढें खाष्ट सासू म्हणून घराघरांत माहीत झालेल्या येवल्याच्या या अभिनेत्रीनें तारुण्यांत पडद्यावर तलवार चालविली होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. शिवाय परदेशांतून येणारे नमुने होतेच. पर्ल व्हाइट या अमेरिकन नटीच्या साहसमालिका गाजलेल्या होत्या. आणि डग्लस फेअरबँक्सच्या 1920 सालच्या 'मार्क ऑफ झोरो' या मूकपटांत दिवसा गुळमुळीत दिसणारा आणि मुखवटा चढवितांच अन्यायाचा सूड घेणारा नायक लोकांनीं पाहिला होता. त्या नायकाच्या जागीं स्त्री घालावयाची, एवढेंच कोणाच्या तरी मनांत यावयास हवें होतें.

तें आलें जमशेद व होमी वाडिया या दोन पारशी बंधूंच्या मनांत. ज्या वाडिया घराण्यानें मुंबईच्या गोदींत इंग्रजी आरमारासाठीं लढाऊ जहाजें बांधलीं, त्याच घराण्यांत त्यांचा जन्म. थोरले जमशेदजी 1901 सालीं जन्मलेले, कायद्याची पदवी घेतलेले. राजकारणांत आधीं काँग्रेसकडे ओढा असलेले आणि पुढें मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी झालेले. धाकटे होमी यांचा जन्म 1911 चा. या बंधूंनीं भागीदारांच्या साह्यानें 1933 सालीं 'वाडिया मूव्हीटोन' ही कंपनी काढली आणि परळ भागांतील 'लवजी कॅसल' या आपल्या घराण्याच्या वास्तूंत स्टुडिओ थाटला. भोंवतीं गिरण्यांचीं धुराडीं आणि कामगारांच्या चाळी. कंपनीच्या चित्रपटांचा प्रेक्षकहि पुष्कळसा तशाच वस्तींतला.

या कंपनींत एक परदेशी बाई काम मागावयास आली. तिचें मूळ नांव मेरी एव्हान्स. 8 जानेवारी 1908 रोजीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं तिचा जन्म झाला. बाप स्कॉटिश, ब्रिटिश फौजेंतला; आई ग्रीक. बापाच्या नोकरीमुळें ती लहानपणींच मुंबईस आली. पहिल्या महायुद्धांत बाप कामास आला. पुढें पेशावरच्या बाजूस तिचीं कांहीं वर्षें गेलीं. तेथें घोड्यावर बसणें, नेम धरणें, शिकार करणें या गोष्टी तिच्या अंगवळणीं पडल्या. मुंबईस परतल्यावर पोटासाठीं तिनें दुकानांत विक्रीचें काम केलें, लघुलेखन व टंकलेखन शिकून पाहिलें, अ‍ॅस्ट्रोवा नांवाच्या नर्तकीच्या पथकांत नृत्य शिकून ती गांवोगांव हिंडली, आणि कांहीं काळ सर्कशींतहि राहिली. 'नादिया' हें नांव तिनें एका भविष्य सांगणाऱ्याच्या सल्ल्यावरून घेतलें असें म्हणतात. तात्पर्य, पडद्यावरील राजकन्येमागें जी स्त्री होती ती राजवाड्यांत वाढलेली नव्हती. चार धंदे करून पाहिलेली, अंगानें बळकट आणि कष्टाळू अशी ती बाई होती. पुढें तिनें जें पडद्यावर केलें, तें तिच्या अंगीं आधींच मुरलेलें होतें.

जमशेदजींना एक अडचण दिसली. सोनेरी केस, निळे डोळे, गोरा वर्ण आणि मोडकेंतोडकें हिंदुस्थानी! 'नंदादेवी' असें देशी नांव घ्यावें आणि लांब काळ्या वेणीचा टोप घालावा, असें त्यांनीं सुचविलें. तिनें दोन्ही गोष्टी नाकारल्या. आणि नादिया हें नांव वाडियाशीं कसें छान जुळतें पाहा, असेंहि वर सुनावलें, असा किस्सा सांगतात. किस्सा लहानसा आहे. पण नोकरी मागावयास आलेली स्त्री 'मी आहें तशीच राहीन' असें मालकाला सांगते आणि मालक तें मान्य करतो, एवढी समता त्या काळीं पुष्कळ सुशिक्षित घरांतहि नव्हती.

एक-दोन किरकोळ भूमिका देऊन झाल्यावर होमी वाडिया यांनीं तिला नायिका करून 'हंटरवाली' दिग्दर्शित केला. कथा जवळजवळ लोककथेसारखी. प्रधान रणमल राजाला कैद करतो, प्रजेला नाडतो आणि राजकन्या माधुरीवर डोळा ठेवतो. राजकन्या मुखवटा घालून 'हंटरवाली' होते, जुलमी धनिकांना लुटून दीनांना देते, उंच भिंतींवरून उड्या टाकते आणि शिपायांच्या टोळ्या एकटी लोळविते. शेवटीं प्रधानाचा नाश होतो व राजा सुटतो. या चित्रपटास 80,000 रुपयांच्या घरांत खर्च आला असें सांगतात. त्या काळीं ती रक्कम मोठी होती. आणि मारामारी करावयाची ती बाईनें, हें पाहून वितरक मागें सरले. वाडियांना आपल्याच जबाबदारीवर चित्रपट लावावा लागला. तो 25 आठवड्यांहून अधिक चालला. हंटरवालीच्या नांवाचे चाबूक, पट्टे आणि आगपेट्या बाजारांत आल्या.

वितरक म्हणजे लोकांच्या आवडीचे जाणकार. लोकांना सोसणारी, रडणारी आणि क्षमा करणारी नायिका आवडते, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें एवढेंच कीं, लोकांना तेवढीच आवडत होती असें नसून लोकांना तोंवर तेवढीच दाखविलेली होती.

या यशाचें मर्म कथेंत नव्हतें. मुखवटा झोरोचा होता. प्रधान कोणत्याहि लोककथेंत सांपडेल असा. नवें होतें तें त्या स्त्रीचें अंग. साहसाच्या दृश्यांत तिच्याऐवजीं दुसरें माणूस उभें केलें जात नसे. धांवत्या आगगाडीच्या टपावर ती स्वतः उभी राही. धडधाकट पुरुषाला दोन्ही हातांनीं डोक्यावर स्वतः उचली. 1942 सालच्या 'जंगल प्रिन्सेस'मध्यें ती खऱ्या सिंहांच्या सहवासांत वावरली. कथा खोटी होती, पण श्रम खरे होते. आणि येथेंच तिच्यांत आणि पुराणांतील देवींत मोठा भेद पडतो. देवी राक्षसांचें निर्दालन करी तें दैवी तेजाच्या बळावर. घरांतली मुलगी तिला भक्तीनें नमस्कार करी. पण आपणहि तशी होऊं, असें तिच्या मनांत येत नसे. नादियाचें बळ वरदानाचें नव्हतें, व्यायामाचें होतें. देवीची उपासना होते. कसरत करणाऱ्या बाईचें अनुकरण होऊं शकतें.

पुढच्या चित्रपटांत वाडिया बंधूंनीं आपल्या नायिकेला राजवाड्यांतून बाहेर काढलें. मुंबई व पेशावर यांच्या दरम्यान 1928 पासून धांवूं लागलेल्या प्रसिद्ध फ्रंटियर मेलचें नांव घेऊन 1936 सालीं 'मिस फ्रंटियर मेल' निघाला. यांत ती सविता नांवाची शहरी तरुणी आहे. ती मोटार हांकते, व्यायाम करते, आणि खुनाच्या खोट्या आरोपांत अडकलेल्या बापाला सोडविण्यासाठीं 'सिग्नल एक्स' नांवाच्या टोळीप्रमुखाचा माग काढते. मौज अशी कीं, या चित्रपटांत मुखवटा खलनायकाच्या तोंडावर गेला आहे. नायिकेला त्याची गरज उरलेली नाहीं. हंटरवालीला आपलें बळ लपवून वापरावें लागत होतें; सविता तें उघड्या तोंडानें वापरते. एका वर्षांत झालेला हा बदल लहान नव्हे. 1940 सालच्या 'डायमंड क्वीन'मध्यें ती मुंबईंत राहून गांवीं परतते, तेथील दुष्टांशीं झगडते, आणि देश स्वतंत्र व्हावयाचा तर स्त्रीहि स्वतंत्र झाली पाहिजे, अशा आशयाचें बोलूनहि दाखविते. 1918 च्या कायद्यानें आलेली सरकारी परीक्षकांची कात्री राजकीय उल्लेखांवर टपलेली असे; पण मारामारीचा चित्रपट कोणी गंभीरपणें घेत नसे, हेंच बहुधा त्याचें कवच ठरलें.

या गोष्टी पोकळींत घडत नव्हत्या. अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक 1927 सालीं पुण्यास भरली होती. 1929 च्या शारदा कायद्यानें मुलींच्या लग्नाचें किमान वय 14 ठरलें. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहांत मुंबईच्या स्त्रिया मोठ्या संख्येनें रस्त्यावर आल्या आणि तुरुंगांतहि गेल्या. 1937 सालीं डॉ. देशमुख यांच्या खटपटीनें हिंदु विधवेला पतीच्या मिळकतींत कांहीं हक्क देणारा कायदा झाला. त्याच 1937 सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'कुंकू' आला. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर शांतारामांनीं काढलेल्या या चित्रपटांत शांता आपटे यांची नीरा, म्हाताऱ्याशीं फसवून लावलेलें लग्न मनानें मान्य करीत नाहीं, आणि वाईट नजरेनें जवळ येणाऱ्या सावत्र मुलाला छडीनें फोडून काढते. सुशिक्षित घरांनीं 'कुंकू'चें मनःपूर्वक कौतुक केलें, आणि तें योग्यच होतें. पण तींच घरें 'हंटरवाली'ला पोरांचा तमाशा म्हणून नाकें मुरडीत. वस्तुतः नीरेच्या हातांतील छडी आणि माधुरीच्या हातांतील चाबूक यांची जात एकच होती. छडी दिवाणखान्यांत उगारली गेली, चाबूक रस्त्यावर. 'कुंकू' हा युक्तिवाद होता, 'हंटरवाली' हें प्रात्यक्षिक होतें. युक्तिवाद समजण्यास थोडेंफार शिक्षण लागतें. प्रात्यक्षिकाला डोळे पुरतात.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झांकून चालणार नाहीं. ही मोकळीक ज्या स्त्रीला मिळाली ती हिंदी स्त्री नव्हती. गोऱ्या बाईनें आंखूड विजार घालावी, पुरुषांशीं झोंबाझोंबी करावी, यांत प्रेक्षकांना फारसें विपरीत वाटलें नाहीं. कारण ती कोणाची बहीण नव्हती, कोणाची सून नव्हती. तेंच एखाद्या घरंदाज मराठी वा गुजराती मुलीनें केलें असतें, तर तिच्या घरच्यांना तोंड दाखविण्याची सोय उरली नसती. दुसरें असें कीं, माधुरी लढते ती बापासाठीं, आणि सविता लढते तीहि बापासाठींच. स्वतःच्या हक्कासाठीं चाबूक उचलणारी नायिका दाखविण्याचें धाडस तेथेंहि क्वचितच झालें. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चाबूक तिच्या हातीं होता, पण लेखणी, कॅमेरा आणि तिजोरी या पुरुषांच्याच हातीं होत्या. वाडिया बंधू उदार मतांचे होते म्हणून नादिया घडली. ज्या समतेचें अस्तित्व मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून असतें, ती समता नसून सवलत असते.

तिच्या स्वतःच्या आयुष्यांत हें सत्य फार कठोरपणें उतरलें. 1942 च्या सुमारास बंधूंच्या वाटा निराळ्या झाल्या. होमींनीं 'बसंत पिक्चर्स' काढली, आणि परळच्या त्या स्टुडिओंत शांतारामांचें 'राजकमल' उभें राहिलें. 1943 सालीं 'हंटरवाली की बेटी' काढून होमी व नादिया यांनीं नव्या कंपनीचा पाया भक्कम केला. दोघांचें परस्परांवर प्रेम होतें, हें गुपित राहिलें नव्हतें. पण होमींच्या आईचा विरोध असल्यानें लग्न लांबत गेलें, तें अखेर 1961 सालीं झालें. तेव्हां ती 53 वर्षांची होती. पडद्यावर जिनें दोन-अडीच तासांत राज्यें उलथविलीं, तिला एका घराचा उंबरठा ओलांडावयास कित्येक वर्षें लागलीं. प्रधान रणमल तलवारीनें हरतो. घरांतला विरोध तलवारीनें हरत नाहीं, आणि जो विरोध प्रेमाच्या माणसाकडूनच येतो त्याच्यावर चाबूकहि उगारतां येत नाहीं. समतेच्या लढ्यांतील सर्वांत अवघड किल्ला तोच आहे.

अमेरिकेंतील वंडर वुमनचें चरित्र यापुढें ठेवून पाहिलें म्हणजे सवलत आणि समता यांतील भेद अधिक स्पष्ट होतो. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञानें स्त्री-स्वातंत्र्याच्या विचारानें प्रेरित होऊन ती वीरांगना कल्पिली आणि तिला देवतांचें सामर्थ्य दिलें. तरी चित्रकथेंतील वीरांच्या मंडळांत 1942 सालीं तिला जागा मिळाली ती चिटणीसाची! मार्स्टन 1947 सालीं वारले. पुढच्या लेखकांनीं तिला प्रेमप्रकरणांत गुंतविलें, आणि 1968 सालीं तर तिचें दिव्य बळच काढून घेतलें. 1972 सालीं ग्लोरिया स्टायनेम व त्यांच्या सहकारी स्त्रियांनीं आपल्या 'मिझ' या मासिकाच्या मुखपृष्ठावर तिला जुन्या तेजांत उभी केली. आणि 1973 सालीं तिचें बळ तिला परत मिळालें. लेखणीनें दिलें, लेखणीनें नेलें आणि स्त्रियांनीं लेखणी हातीं घेतल्यावर तें परत आलें. योगायोग असा कीं, ज्या 1968 सालीं त्या कागदी वीरांगनेचें बळ गेलें, त्याच सालीं होमी वाडियांच्या 'खिलाडी' या चित्रपटांत साठीची नादिया पुन्हां पडद्यावर आली. तिची भूमिका काढून घेणें कोणाच्याहि हातचें होतें. तिचें बळ मात्र काढून घेतां येण्यासारखें नव्हतें, कारण तें कोणी दिलेलेंच नव्हतें.

त्यानंतर लोक तिला विसरले. 1993 सालीं जमशेदजींचे नातू रियाद वाडिया यांनीं तिच्यावर एक माहितीपट काढला, तेव्हां नव्या पिढीला ती पुन्हां माहीत झाली. 9 जानेवारी 1996 रोजीं, आपला 88 वा वाढदिवस उलटून दुसऱ्याच दिवशीं, ती मुंबईंत वारली.

हंटरवालीनें स्त्री-समता आणली, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. वारसाहक्क तिनें मिळवून दिला नाहीं, शाळेचें दार तिनें उघडलें नाहीं. तीं कामें परिषदांनीं, कायद्यांनीं आणि अगणित अनाम स्त्रियांच्या हट्टानें झालीं. तिनें एवढेंच केलें कीं, स्त्रीचें शरीर हें केवळ सोसण्याचें आणि सजविण्याचें स्थान नसून बळाचेंहि स्थान आहे, ही गोष्ट चाळींतल्या लहानथोरांना प्रत्यक्ष डोळ्यांनीं दाखविली. त्यांनीं तिला टाळ्या दिल्या. पण टाळी ही नेहमीं अपवादाला मिळते. विहिरीवरून दोन घागरी भरून आणणाऱ्या, डोक्यावर विटांची पाटी घेऊन माळा चढणाऱ्या स्त्रीला कोणी टाळी देत नाहीं, आणि तिच्या बळाची मोजदादहि कोणी करीत नाहीं. पडद्यावरच्या त्या चाबकाचा आवाज ऐकून ज्या घरानें आपल्याच माजघरांतील या न मोजलेल्या बळाकडे वळून पाहिलें असेल, त्या घरापुरतें तरी त्या राजकन्येचें मुखवटा घालणें सार्थकीं लागलें.